जार्विस कॉकर नावाचा आगाऊ माणूस

१९९६चा ऑक्टोबर सरता सरता मायकल जॅक्सन मुंबईला आला तेव्हा आमच्या चाळीत दुसरा विषय नव्हता. ओवाळायला विमानतळावर नऊवारी नेसलेली सोनाली बेंद्रे, मातोश्रीवर बाळासाहेबांची भेट, अंधेरीच्या क्रीडा संकुलात कार्यक्रम आणि त्या कार्यक्रमाला युती सरकारने दिलेली करमणूक कराची माफी. ग्राहक पंचायतीने ती करमाफी कोर्टात खेचली आणि प्रकरण असं काही रेंगाळलं, की अडकून पडलेले तीन कोटींच्या वरचे पैसे आयोजकांना परत द्यायचा निर्णय व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. तोवर जॅक्सनला जाऊन अकरा वर्षं उलटली होती आणि मुख्यमंत्रिपदी खुद्द मातोश्रीवरचेच ठाकरे होते. असो.

जॅक्सन मुंबईला आला त्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १९९६ला, लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये ब्रिट या संगीत पुरस्कारांचा सोहळा होता. जॅक्सनला त्या रात्री एका अख्ख्या पिढीचा कलावंत म्हणून गौरवलं होतं. तो पांढऱ्या कपड्यांत, हात पसरून, येशूच्या पवित्र्यात उभा. भोवती लहान मुलं, गोरगरीब, एक धर्मगुरू, सगळे त्याच्या स्पर्शासाठी आतुर. समोरच्या टेबलांवर बसलेल्यांत एक काटकुळा, चष्मेवाला गायक होता. त्याला हे बघवेना. तो उठला, एका मित्राला घेऊन मंचावर धावत गेला, प्रेक्षकांकडे पाठ करून वाकला आणि ढुंगणामागून हाताने हवा सारल्याचा अभिनय करून पळाला. काही सेकंदांचा मामला. पण मंचावरच्या मुलांना इजा केल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याला रात्री ठाण्यावर नेलं. त्याच्या मदतीला गेला बॉब मॉर्टिमर. हा विनोदी नट, पण आधीच्या आयुष्यात वकील. पुढे गायक डेव्हिड बोवीच्या माणसांनी केलेलं चित्रीकरण पुढे आलं, त्यात त्याने कुणाला हात लावला नसल्याचं दिसलं आणि प्रकरण मिटलं. जॅक्सन स्वतःला तारणहार समजतो आणि बाकीचे ते मुकाट बघून घेतात, हे आपल्याला सहन झालं नाही, असं त्याने नंतर सांगितलं.

हा जार्विस कॉकर. पल्प या बँडचा गायक आणि गीतकार. बहुतेकांना तो या एवढ्याच कारणाने ठाऊक असतो आणि मला ते फार खटकतं. ढुंगण कुणीही दाखवील. आमच्या गल्लीतली पोरं गणपतीच्या मिरवणुकीत त्याहून भारी काहीतरी करतील. जार्विसचा खरा आगाऊपणा त्याच्या ओळींत आहे आणि त्या ओळींत शिवी जवळजवळ नसते. त्यांत असतो नेमकेपणा. सभ्य माणसं जिथून नजर वळवतात तिथे हा माणूस चष्मा पुसून, जरा पुढे वाकून बघतो. आणि बघणाऱ्या स्वतःलाही सोडत नाही.

त्याचा चष्मा म्हणजे काही फॅशन नाही. पाच वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला आणि त्यात दृष्टी अधू झाली. जन्म १९६३चा, शेफिल्डचा. शेफिल्ड म्हणजे पोलादाचं गाव, अर्ध्या जगाच्या सुऱ्याकाट्यांवर याचं नाव कोरलेलं. सात वर्षांचा असताना वडील घर सोडून ऑस्ट्रेलियाला निघून गेले. जर्मनीतल्या नातेवाइकांनी पाठवलेली चामड्याची अर्धी चड्डी आईने त्याला शाळेत घालून पाठवलं होतं, हा किस्सा तो अजून सांगतो. उंच, बारीक, जाड भिंगांचा चष्मा आणि वर चामड्याची चड्डी. शाळेत त्याचं काय झालं असेल याची कल्पना करायला शेफिल्डला जायची गरज नाही.

पंधराव्या वर्षी, १९७८ साली, त्याने शाळेतल्या मित्रांना धरून बँड काढला. अर्थशास्त्राच्या तासाला वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचताना कॉफीच्या एका जातीचं नाव दिसलं, ते मोडूनतोडून बँडच्या नावात घेतलं. पुढे ते गळून नुसतं पल्प उरलं. त्याच सुमाराच्या एका शाळेच्या वहीत त्याने बँडचा सगळा आराखडा लिहून ठेवलाय. त्यात संगीत-उद्योग कसा ताब्यात घ्यायचा हे तर आहेच, पण बँडने कपडे कुठले घालायचे याची यादीसुद्धा आहे. शनिवारी हा मुलगा बाजारात मासळीच्या गाळ्यावर खेकडे घासायचा. बाकी वेळ जुन्या बाजारातले, मेलेल्या माणसांचे कोट धुंडाळायचा. १९८१ला बीबीसी रेडिओवर नवी गाणी वाजवणाऱ्या जॉन पीलच्या हातात त्याने एक कॅसेट कोंबली आणि पीलने खरोखरच या पोरांना रेकॉर्डिंगला बोलावलं. अठराव्या वर्षी एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल, आता गंगेत घोडं न्हालं.

तसं काहीच झालं नाही. पुढची दहा-बारा वर्षं पल्पला कुत्रं विचारत नव्हतं. १९८३ला एक अल्बम, १९८७ला दुसरा, दोन्ही पडून. वाजवणारे येत होते, जात होते. जार्विस बेकारभत्त्यावर जगत होता. भोवती शेफिल्डही मोडत होतं. पोलाद कामगारांचा १९८०चा संप होऊन गेला, गावाला खेटूनच ऑरग्रीव्हला १९८४ साली पोलीस आणि खाणकामगार भिडले. पोलादाचे कारखाने एकेक बंद पडले आणि अशाच एका कारखान्याच्या जागेवर १९९०ला मेडोहॉल नावाचा अगडबंब मॉल उभा राहिला. ज्याने मुंबईतल्या, मॉल झालेल्या फिनिक्स मिलची चिमणी बघितली आहे त्याला यापुढचं मी काही सांगायला नको.

या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर १९८५मध्ये, एका मुलीवर छाप पाडायला म्हणून, जार्विस खिडकीबाहेर लोंबकळून कोळ्यासारखा दुसऱ्या खिडकीकडे सरकायला गेला आणि खाली पडला. हाडं मोडली. कित्येक दिवस हॉस्पिटलमध्ये, नंतर काही काळ चाकांच्या खुर्चीत. कार्यक्रम मात्र त्याने खुर्चीत बसून केले आणि प्रेक्षकांना वाटलं, हाही कसला तरी कलात्मक चाळा असेल. पडून राहिलेल्या त्या दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की आपण इतके दिवस आभाळातून काहीतरी उतरेल म्हणून वर बघत बसलो आणि लिहायचं सगळं तर नाकासमोर होतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं बोलणं, भिंती, बसथांबे, ओळखीच्या मुली, लोकांची स्वयंपाकघरं. त्याच्या १९८५ आधीच्या आणि नंतरच्या गाण्यांत हा फरक ऐकू येतो. आधीचा मुलगा कवी व्हायला बघतोय, नंतरचा माणूस आपलं बघितलेलं सांगतोय.

माझ्याकडे हे सगळं पोचलं ते एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवरून. 'डिफरंट क्लास', १९९५चा अल्बम. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत टेपरेकॉर्डर एकच, तो सगळ्यांचा. आईने काही वेळ ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता विचारलं, "हा गातोय की गाऱ्हाणं घालतोय रे?" जार्विसच्या गाण्यावर यापेक्षा नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही. तो पुटपुटतो, श्वास टाकतो, कानाशी लागतो, मधेच किंचाळतो. सुरात असतोच असं नाही. दम लागल्याचा आवाजही तो गाण्यात ठेवतो. अल्बमच्या आतल्या कागदावर मात्र एक सूचना छापलेली असते, की गाणी ऐकत असताना कृपा करून शब्द वाचू नका. शब्दांसाठीच नावाजलेल्या माणसाची ही सूचना मी कधीच पाळली नाही. माझ्या इंग्रजीला वाचल्याशिवाय ते झेपणारही नव्हतं.

'कॉमन पीपल'बद्दल थोडं निवांत बोलायला हवं.

जार्विस पंचविशीत लंडनला सेंट मार्टिन्स कलाशाळेत सिनेमा शिकायला गेला. तिथे एक ग्रीक मुलगी शिल्पकला शिकायला आलेली. बाप गडगंज. ती त्याला म्हणाली, मला सामान्य माणसांसारखं जगून बघायचंय. एवढीच मूळ ठिणगी. ती मुलगी कोण याचा शोध इंग्लंडचे पेपरवाले अजून अधूनमधून घेतात. मला त्यात काडीचा रस नाही. काही वर्षांनी जार्विसने जुन्या रेकॉर्डी विकल्या आणि त्या बदल्यात त्याच दुकानातून एक छोटा कॅसिओ कीबोर्ड घेतला. त्यावर दोन बोटांनी ही चाल वाजवली. बँडमधले लोक हसले म्हणे. २२ मे १९९५ला गाणं बाजारात आलं आणि दुसऱ्या क्रमांकावर जाऊन अडकलं. पहिल्या क्रमांकावर तेव्हा दोन टीव्ही नटांनी गायलेलं एक जुनं प्रेमगीत होतं.

गाणं सुरू होतं तेव्हा तो मजेत आहे. दारूच्या गुत्त्यावर एखादा किस्सा सांगावा तसा. मुलगी देखणी, पैसेवाली, वर हिच्याशी आपलं जमेल अशी चिन्हं. म्हणजे फायदा त्यालाही होतोय, हे तो लपवत नाही. मग तो तिला सुपरमार्केटात नेतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही, कुठून तरी सुरुवात करायला हवी म्हणून. तो तिला म्हणतो, समज तुझ्याकडे पैसे नाहीत. ती हसते, तू किती गमतीशीर आहेस म्हणते. तो आजूबाजूला बघतो आणि सांगतो, इथे दुसरं कुणी हसताना मला तरी दिसत नाही.

इथे गाणं वळतं. ढोल वाढतो, व्हायोलिन आत शिरतं, ताल हळूहळू चढायला लागतो. मेट्रोनोम लावून केलेलं हे गाणं नव्हे, ते खरंच पळत सुटतं. दुकानावरची खोली भाड्याने घे, केस काप, नोकरी धर, शाळेत कधी गेलीच नाहीस असं सोंग आण. तरी तुला जमायचं नाही. कारण रात्री अंथरुणात पडून भिंतीवर चढणारी झुरळं बघत असशील तेव्हा एक फोन केलास, की तुझा बाप सगळं थांबवू शकेल.

झुरळांच्या या ओळीपाशी मी उठून बसलो होतो. गरिबीवर गाणी मी भरपूर ऐकलेली. शाहिरांची, संपातली, गिरणगावाच्या नाक्यावरची. त्यांत आम्ही लढत तरी असायचो, नाहीतर रडत तरी. इथे कुणी लढत नव्हतं की रडत नव्हतं. फोन आहे आणि फोन नाही, एवढाच फरक सांगून हा माणूस मोकळा झाला होता.

माझे वडील साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर बाहेर पडले ते परत गिरणीत गेले नाहीत. पुढे वॉचमनकी, पुढे एका ओळखीच्या दुकानात हिशेब. या गाण्याचा अर्थ मी त्यांना एकदा मराठीत सांगितला. मला वाटलं ते खूश होतील, त्या श्रीमंत पोरीची कशी जिरवली म्हणून. ते विडी विझवत म्हणाले, "पण तिचं काय चुकलं? तिने निदान विचारलं तरी. आमच्या शेठच्या पोराने कधी खात्यात पाऊल टाकलं नाही."

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आता आहे असंही नाही. पण गाणं पुन्हा ऐकलं तेव्हा जाणवलं, की जार्विसलाही हे ठाऊक असणार. नाहीतर त्याने तिला इतकं गोड का रंगवलं असतं? ती दुष्ट नाही. तिचं कुतूहल खरं आहे. म्हणूनच तर त्याचा राग असा वेडावाकडा होतो, त्याला पडायला सरळ जागाच मिळत नाही.

पुढे माझी नोकरी मला जिथे घेऊन गेली तिथे एक दिवस ऑफिसची पार्टी एका बंद गिरणीच्या आवारातल्या पबमध्ये ठेवली होती. विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. भिंतीवर जुन्या बॉबिनी, ओळीने, खालून दिवा सोडलेला. वरण-भात आला तो पितळी डब्यात आणि त्याची किंमत आमच्या चाळीच्या तेव्हाच्या वर्षभराच्या भाड्याहून जास्त होती. बरोबरच्या एका मुलीला कुणीतरी माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. ती मनापासून म्हणाली, "अरे, तुझे बाबा खरंच मिलमध्ये होते? कसलं भारी! म्हणजे तू इथला ओरिजिनल!" चांगली मुलगी. माझ्या डोक्यात तो कॅसिओ वाजायला लागला, पण वडिलांचं ते बोलणं आठवून मी तिला सोडून दिलं, उगाच राग धरला नाही. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर त्यांना भलतीच उत्सुकता. "कुठल्या दारातनं आत गेलात? जिना डाव्या हाताला होता का? मग ते साचाखातं नव्हे, ते गोदाम." बॉबिनी भिंतीवर कशासाठी लावल्यात हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मला काही महिने शेफिल्डला राहायला मिळालं. जार्विस जिथे खेकडे घासायचा तो मासळीबाजार तोवर पाडून टाकलेला. मला भाड्याने मिळालेली खोली एका जुन्या बैठ्या रांगेतल्या घरात होती आणि तिच्या भिंतीला हात लावला तेव्हा बोटांना खडबड लागली. कुणीतरी भिंतीवर मूठभर रवा फेकून वरून पांढरा रंग फासावा तशी. घरमालकीणबाई म्हणाल्या, हे वुडचिप, लाकडाचे बारीक कपचे घातलेला कागद. भिंती वेड्यावाकड्या, भेगाळलेल्या असल्या की लोक हा स्वस्तातला कागद डकवतात. वाईट एकच, काढायला गेलं की निघत नाही, खालचा गिलावाही घेऊन येतो.

'डिस्को २०००' या गाण्यात, बालपणीच्या मैत्रिणीचं घर आठवताना, तो हेच सांगतो: घर लहान होतं आणि भिंतीवर वुडचिप होतं. मी ती ओळ कैक वर्षं नुसती यमकासाठीची समजून म्हणत होतो. त्या खोलीत, रात्री पडल्या पडल्या नखाने एकेक कपचा खरवडताना, ती ओळ नव्याने ऐकली. ती मुलगी वर्गातली सगळ्यांची लाडकी, देखणी. हा लांबून बघणारा. त्याने तिच्या डोळ्यांचं, केसांचं काही सांगितलेलं नाही, भिंतीचं सांगितलं. ज्याने त्या भिंतीला टेकून तासन्‌तास काढलेत त्यालाच ते आठवणार. नाचरं, उडतं गाणं आहे, लग्नाच्या पार्ट्यांत वाजतं. त्यातली मुलगी खरी होती. ती पुढे मानसिक आजारांच्या रुग्णांची परिचारिका झाली, त्या कामासाठी तिला सरकारी सन्मान जाहीर झाला आणि २०१४ सरता सरता ती गेली. गाणं अजून तिला सन २०००मध्ये भेटायचं ठरवतंय.

आता त्याच्या वादांकडे. 'सॉर्टेड फॉर ईज अँड विझ' या १९९५च्या गाण्याच्या वेष्टनावर, अमली पदार्थाची पुडी करायला कागद कसा दुमडतात, त्याची आकृती छापली होती. एका मोठ्या पेपराने पहिल्या पानावर बंदीची मागणी केली, वेष्टन बदलावं लागलं, गाणं आणखी खपलं. नेहमीचा खेळ. पण ज्यांनी बोंब मारली त्यांनी गाणं ऐकलंच नव्हतं. हजारो तरुण एका माळावर गोळ्या खाऊन नाचतायत, सगळे सगळ्यांचे जिवलग झालेत आणि सकाळ झाल्यावर घरी सोडायला कुणी थांबत नाही. शेवटी हा पोरगा आईला सांगू बघतो, की मला आता घरी येता यायचं नाही, मेंदूचा एक महत्त्वाचा तुकडा मी हॅम्पशरच्या एका शेतात विसरून आलोय. याहून परिणामकारक व्यसनमुक्तीचं पोस्टर मी तरी पाहिलेलं नाही. पण तो उपदेश करत नाही. रात्र मस्त होती हेही तो तितक्याच खरेपणाने सांगतो आणि सरकारला, पेपरांना, पालकांना नेमकं तेच नको असतं.

सगळंच मला आवडतं असं नाही. 'बेबीज'मधला मुलगा मैत्रिणीच्या बहिणीला बघायला कपाटात लपतो. चाल इतकी गोड, की आपण त्या कपाटात कधी शिरलो हे कळतच नाही. 'आय स्पाय'मधला माणूस तर श्रीमंतांच्या घरात घुसून, त्यांच्या बायकांशी संबंध ठेवून सूड उगवण्याची स्वप्नं बघतो. ते गाणं मी फार वेळा ऐकू शकत नाही. वर्गाचा राग बाईच्या अंगावर काढायची ही खोड जुनी आहे, आपल्याकडच्या बंडखोर साहित्यातही ती भरपूर सापडते. जार्विसची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल, की तो या माणसाला नायक करत नाही. त्याच्या तोंडी इतकं घाणेरडं समाधान घालतो, की ऐकणाऱ्याला स्वतःचीच शिसारी यावी. १९९८च्या 'धिस इज हार्डकोर'मध्ये यशाची झिंग उतरलेली, तो प्रसिद्धीकडे निळ्या फितीतल्या नटीसारखा बघतोय. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या बाईच्या चित्रावरून लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या जाहिराती लोकांनी 'हे बायकांचा अपमान करणारं आहे' असं खरडून रंगवल्या. त्या लोकांचंही मला पटतं. दोन्ही पटणं शक्य आहे.

आणि शिव्यांचं म्हणाल तर, बँड मोडल्यावर २००६ साली त्याने एक गाणं केलं, 'रनिंग द वर्ल्ड'. जग कोण चालवतंय याचं उत्तर त्यात एका सणसणीत शिवीत आहे. माझ्या ऑफिसातल्या डाव्या मित्रांचं ते राष्ट्रगीत. मला ते त्याचं सगळ्यात कमी टोचणारं गाणं वाटतं. ते ऐकताना प्रत्येकाला आपण सोडून दुसऱ्याच कुणाची तरी आठवण येते. सुपरमार्केटात असं होत नाही. तिथे प्रत्येकाला विचार करावा लागतो, की आपण त्या मुलीच्या बाजूला उभे आहोत की बाकीच्या गिऱ्हाइकांच्या.

चौतिशीत त्याने 'हेल्प द एजेड' लिहिलं. तरुणांच्या बाजारात म्हाताऱ्यांवर गाणं. त्यात म्हाताऱ्यांबद्दल पुळका नाही. ते म्हणतं, हेही एकेकाळी तुमच्यासारखेच दारू पीत होते, नशा करत होते आणि तुमचीही पाळी येतेय. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. आता गुडघ्याला बाम चोळताना ते आपोआप ओठांवर येतं.

जून २०२५मध्ये पुन्हा जमलेल्या पल्पचा 'मोर' आला. चोवीस वर्षांनी पहिला अल्बम, साठी ओलांडलेला जार्विस आणि इंग्लंडात थेट पहिला क्रमांक. बेसवादक स्टीव्ह मॅकी मार्च २०२३मध्ये गेला, अल्बम त्याला अर्पण केलाय. बँडमधल्या कँडिडा डॉइलची बोटं अजून ऑर्गनवर आहेत, किशोरवयापासून संधिवात सोबत घेऊन. सगळीच गाणी उतरलीत असं मी म्हणणार नाही, एखादं नुसतंच वयाला साजेसं झालंय. पण बघायची सवय गेलेली नाही.

त्याच महिन्यात पल्प ग्लॅस्टनबरीला न सांगता वाजवायला उतरले. तीस वर्षांपूर्वी, २४ जून १९९५ला, याच महोत्सवात मुख्य बँडच्या गिटारवादकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं म्हणून ऐन वेळी पल्पला बोलावलं होतं. तेव्हा जार्विस गर्दीला म्हणाला होता, की माझ्यासारख्या लंबूटांग येड्याला हे जमलं तर तुम्हालाही जमेल. २०२५चं तिकीट होतं ३७३ पौंड ५० पेन्स, वर बुकिंगचे ५. म्हणजे आपले चाळीस हजारांच्या पुढे. एवढे पैसे मोजून, तंबू ठोकून राहिलेली हजारो माणसं आकाशाकडे हात करून गात होती, की आम्हाला सामान्य माणसांसारखं जगायचंय. मी ती चित्रफीत घरी फोनवर बघितली. जार्विसच्या चेहऱ्यावर उपहास शोधत होतो, तो कुठे सापडला नाही. तो त्यांच्यासाठी मनापासून गात होता, हातवारे तेच, मनगटं तशीच मुडपलेली.

'कॉमन पीपल'ची जी आवृत्ती रेडिओवर आणि टीव्हीवर फिरते, तिच्यातून एक कडवं कापलेलं आहे. कोपऱ्यात पडून असलेला कुत्रा आधी न भुंकता चावतो, सावध रहा, तो तुमची आतडी फाडील, असं सांगणारं. तोवर ती मुलगी आणि तो मुलगा यांच्यात जे हसतखेळत चाललेलं असतं ते या कडव्यात संपतं आणि 'मी'चा 'ते' होतो. रेडिओला लांबी जास्त झाली असेल, मान्य. पण कापायला नेमकं तेच सापडलं. तेव्हा हल्ली कुणी मला म्हणालं, की 'कॉमन पीपल' आपलं फार आवडतं गाणं आहे, तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो: कुत्रा असलेलं, की नसलेलं?